व्याहीभोजनाचं तळं

डोंबिवली, ता. १२ जुलै १९५४

ती. दादास मालनचा सा. नमस्कार.

जयाचं ठरलं. कल्याणच्या बळवंतराव टिपणिसांचा सुधीर. मुलगा पुण्याला शेतकी कॉलेजात आहे. त्याची शेवटची परीक्षा झाली की, म्हणजे छप्पनच्या मे महिन्यात लग्न. मुलगा स्वभावाने बरा वाटला. नक्की सांगता येत नाही, कारण वडील समोर असले की तो बोलत नाही. वडील सगळ्यांचं मिळून बोलतात.

आता देण्याघेण्याचं. बळवंतराव म्हणाले, "विहीणबाई, आम्हाला हुंडा नको, मानपान नको, करवल्यांना पातळंसुद्धा नकोत." मी मनात हात जोडले. तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "फक्त लग्नाच्या दुसऱ्या दिवशी व्याहीभोजनाला आमची पन्नास माणसं येतील. त्यांना तुमच्या तळ्यातली मासळी, पोटभर. बाजारातली नाही हं. बाजारातली आम्ही कल्याणात खातोच." आणि मिशीवरून असा हात फिरवला, की जणू रस्सा आत्ताच लागलाय.

दादा, घरामागे तळं आहे हे खरं. जयाचे बाबा गेल्यापासून त्यानेच आम्हाला सांभाळलं. शेजारचा काळुराम दोन दिवसांआड पागाचं जाळं टाकतो, करंगळीएवढी बारीक मासळी मिळते, चिंच आणि हिरवी मिरची घातली की मायलेकींचं भागतं. पण व्याह्यांच्या पानात करंगळ्या कशा वाढू? नाही म्हणायला तोंड नव्हतं. बापाविना मुलगी आणि सगळी मिळून अट एक. ती मोडली तर जया जन्मभर सासरी ऐकून घेईल, की तुझ्या आईला एक जेवण जमलं नाही.

तू शाळेत शास्त्र शिकवतोस. एक तळं आणि पन्नास माणसं यांचं काय करायचं ते शास्त्रात असेल तर कळव. नसेल तर वहिनीला विचार.

तुझी मालन


नौपाडा, ठाणे, ता. १९ जुलै १९५४

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

जयाची बातमी वाचून आनंद झाला. तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "पन्नास माणसं? त्यापेक्षा हुंडा द्या." तेव्हा शास्त्राकडे वळणं भाग आहे.

तळं म्हणजे पाणी, ही तुझी पहिली चूक. तळं ही उन्हाची खानावळ आहे. ऊन पाण्यावर पडतं, त्यावर शेवाळ वाढतं. शेवाळ किडे खातात, किड्यांना बारीक मासे, बारीक माशांना मोठे मासे, आणि मोठ्यांना बळवंतराव. या साखळीतून वर चढतं ते ऊनच. तू, मी, काळुराम, सगळे ऊन खाऊन जगतो. कोणाला ते किती हात फिरून मिळतं, एवढाच फरक.

आता गोम ऐक. एका अमेरिकन मासिकात वाचलं की प्रत्येक हाताला सुमारे दहातले नऊ भाग गळतात. किड्याने खाल्लेलं सगळं त्याच्या अंगी लागत नाही. तो पोहतो, पळतो, श्वास घेतो, संसार करतो, त्यातच ते खर्ची पडतं. तुझ्या अंगणातून ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसचं धुराडं दिसतं ना? आत टाकलेल्या कोळशातलं बरंचसं तिथून आकाशात जातं, थोडकं तारेतून गाडीला मिळतं. प्रत्येक मासा हे एक पॉवर हाऊस आहे. धुराडं दिसत नाही, म्हणून आपण त्याला मासा म्हणतो.

तेव्हा मधले दलाल काढायचे. शेवाळ आणि पाण्यातलं बारीकसारीक खाऊन थेट मोठा होणारा मासा हवा. असे मासे कलकत्त्याकडे आहेत, रोहू आणि कटला. वृत्तीने जवळजवळ शाकाहारी. सरकारी मत्स्यखात्यात माझा एक जुना विद्यार्थी आहे, तो त्यांचं बीज, म्हणजे नुकती फुटलेली पिल्लं, पोचवील. तू तीन गोष्टी कर. काळुरामचा पाग बंद. बगळ्यांना हुसकून लाव, बगळा हा पांढरे कपडे घातलेला दलाल आहे. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: तळ्यात मांसाहारी मासा एकही नको. एक घुसला तरी दुकान त्याचं आणि गिऱ्हाईकही तोच.

तुझा दादा


डोंबिवली, ता. २९ ऑगस्ट १९५४

ती. दादास सा. नमस्कार.

तुझा विद्यार्थी येऊन गेला. मातीच्या हंड्या मांडीवर घेऊन, रस्ताभर पाणी हलवत. बाळंतिणीलासुद्धा कोणी इतकं जपत नाही. हंड्यांत पाहिलं तर जिऱ्याएवढं काहीतरी वळवळत होतं. मी म्हटलं, "ही पन्नास माणसं जेवणार?" तो म्हणाला, "काकू, वाढतात." मग चहा प्यायला, पोहे खाल्ले, आणि जाताना विचारलं, "तळ्यात दुसरं काही नाही ना?" मी म्हटलं, "पाणी आहे."

पाग बंद केला. तळ्यावर दोऱ्या बांधून रिकामे डबे टांगले. बगळे गेले. त्यांच्यामागून शेजारच्या सखुबाईची दुपारची झोपही गेली. ती माझ्याशी बोलत नाही, डब्यांशी बोलते.

आता एक सांगते, पण अर्धंच. आमच्या सासरी मुलीचं लग्न ठरलं की जावयाचं नाव घेऊन तळ्यात काहीतरी सोडायचं असतं. काय सोडलं ते कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की वाढ खुंटते. सासूबाईंनी माझ्या नणंदेच्या वेळी केलेलं, तेव्हा मामंजींनासुद्धा सांगितलं नव्हतं. तर तुझं पत्र यायच्या आधीच काळुरामने ते खाडीवरून आणून दिलं होतं. हंडीतून, वाटेत दोनदा पाणी बदलून. मी सुधीरचं नाव घेतलं आणि सोडलं. नंतर तुझं पत्र आलं. तुझी तिसरी अट मी दोनदा वाचली. वाचून काही बोलले नाही. तूही विचारू नकोस.

तुझी मालन


नौपाडा, ठाणे, ता. ५ सप्टेंबर १९५४

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

जावयाच्या नावाने तू सोडलेल्या नारळाबद्दल मी रागावणार नाही. सासरच्या रीती असतात. मात्र खाडीवरून नारळ आणताना वाटेत त्याचं पाणी बदलतात, हे मला नवीन आहे. नारळाचं पाणी आत असतं अशी आजवर माझी समजूत होती. असो. कुजेल आणि खत होईल. श्रद्धेचा हा एवढा तरी उपयोग.

आता पुढचे दलाल. इथल्या मासुंदा तलावाच्या काठावर रोज संध्याकाळी उभा राहून मी निरीक्षण करतो आहे. पाणकावळा भयंकर. बुडतो तो मासा घेऊनच वर येतो, वर पंख पसरून वाळवत बसतो, जसा काही मोठं समाजकार्य करून आला. त्याला हुसकून लाव. विरोळेही नकोत. पाणसाप बिनविषारी असला तरी बिनपोटाचा नाही. काळुरामला सांगून सगळे विरोळे धरून खाडीकडे सोडून दे. एकेक मधला हात कमी झाला की ऊन सरळ आपल्या रोहूत.

परवा कल्याणला एका मुंजीला गेलो होतो. पारनाक्यावर बळवंतराव भेटले. सज्जन गृहस्थ. विशेष काही बोलणं झालं नाही.

तुझा दादा


डोंबिवली, ता. २५ जुलै १९५५

ती. दादास सा. नमस्कार.

संक्रांतीला तिळगुळाबरोबर चिठ्ठी होती, तीत सगळं छान आहे असं लिहिलं होतं, कारण सण होता. आता खरं लिहिते.

काळुरामने विरोळे धरून नेले. पाणकावळ्यांवर जयाने इतके दगड मारले की एकदा नेम चुकून आमचंच एक कौल फुटलं. आता पाऊस लागल्याबरोबर बेडूक माजले. विरोळे नाहीत, तर त्यांना खाणार कोण? आठ दिवस असे ओरडले की सखुबाई येऊन म्हणाली, "मालनबाय, तुमचे डबे बरे होते हो." मी तुला पत्र लिहायला बसले, बेडकांचं काय करू म्हणून. तर बेडूक एकाएकी गप्प. विरोळे परत आले म्हणावं, तर एकही दिसत नाही.

तळ्यात बारीक मासळी तर राहिलीच नाही. पूर्वी तांदूळ धुतलेलं पाणी टाकलं की काठाशी खळबळ व्हायची. आता टाकते आणि ते नुसतं पसरतं. तुझे रोहू-कटलेही दिसत नाहीत. तू म्हणशील खोल असतील. असतील बापडे. संध्याकाळी मात्र मधोमध धप्प करून आवाज होतो, कोणी ओलं धोतर दगडावर आपटावं तसा.

आणि सखुबाईच्या बदकाची पिल्लं परवाच अंड्यातून निघालेली, ती आईमागून आमच्या तळ्यात उतरली. रांगेत सगळ्यांत मागचं होतं ते नाही. पाण्यात बुडबुडा नाही, पीस नाही. सखुबाईने विचारलं, "तुमच्या तलयात हाय तरी काय?" मी म्हटलं मला काही माहीत नाही. हे मी तुलाही आधीच सांगून ठेवते. मला काही माहीत नाही.

घरात वर्षभर सुके बोंबील चालू आहेत. जया म्हणते, "आई, लग्न माझं, पण उपास तुला." तळं डोळ्यांसमोर आणि कालवणाला मासा नाही, असं हे तुझं शास्त्र.

तुझी मालन


नौपाडा, ठाणे, ता. २ ऑगस्ट १९५५

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या सगळ्या कोड्यांना उत्तर एकच आहे आणि ते तुझ्या शेजारी राहतं. बारीक मासळी नाहीशी होते, रोहू दिसत नाहीत, संध्याकाळी धप्प असा आवाज होतो. मालन, पाण्यावर पाग पडल्याचा आवाज कसा असतो? धप्प. काळुराम तुला वहिनी वहिनी म्हणतो, आणि तू पोळ्या लाटायला आत गेलीस की पाग टाकतो. बदकाचं पिल्लू मुंगसाने नेलं. बेडकांचं मी बघतो आहे.

निराश होऊ नकोस. तळ्यात शेण टाक. शेणाने शेवाळ वाढेल, शेवाळाने रोहू. मी हिशोब मांडला आहे. तुझ्या तळ्यावर जेवढं ऊन पडतं, त्यातून मधल्या गळती धरूनसुद्धा पाच मण मासा निघायला हवा. निसर्ग गणितात चुकत नाही, चुकतात ती माणसं. काळुरामवर लक्ष ठेव.

तुझा दादा


डोंबिवली, ता. ३० ऑक्टोबर १९५५

दादास नमस्कार.

या वेळी नमस्कार नुसताच आहे. कारण पुढे कळेल.

आधी काळुराम. जयाचे बाबा गेले तेव्हा तू दहाव्याला आलास आणि तेराव्याला गेलास. आमची भातलावणी त्या वर्षी काळुरामने आपली टाकून केली. त्याला चोर म्हणायचं असेल तर इथे येऊन, त्याच्या तोंडावर, त्याच्या उंचीकडे बघून म्हण. शेण टाकलं. पाणी हिरवंगार झालं. शेवाळ खायला मात्र कोणी येत नाही.

आता दुसरं. दसऱ्याला बळवंतराव सोनं द्यायला आले. खुर्चीवर बसण्याआधी मागच्या दारी जाऊन तळं बघून आले. "वा," म्हणाले, "पाणी काय दाट आहे! मास्तर म्हणालेच होते." मी विचारलं, "काय म्हणाले होते?" तर म्हणतात, "पाच मण! गेल्याच वर्षी पारनाक्यावर सांगितलं त्यांनी. पाच मण म्हणजे पन्नास माणसांना जास्तच होणार. तेव्हा म्हटलं, मासळी वाया जायला नको. आमची मुरबाडची शाखा आहे, भिवंडीचे चुलते आहेत. ऐंशी धरा."

ऐंशी, दादा. "विशेष काही बोलणं झालं नाही," म्हणे. तू वर्गात पोरांना सुतारासारखं मोजून बोलायला शिकवतोस आणि नाक्यावर उभा राहून बहिणीचं तळं वाढून मोकळा होतोस. मी हसले. काय करणार? हसून म्हटलं, "या की." ते गेल्यावर तळ्याच्या काठी जाऊन उभी राहिले. धप्प झालं.

जया आतून बघत होती. म्हणाली, "आई, कमी पडलं तर ते मला काही म्हणणार नाहीत ना गं?" मी म्हटलं कमी पडणार नाही. तिला हे म्हणताना मला जे वाटलं ते तुला लिहीत नाही.

मालन


नौपाडा, ठाणे, ता. ६ नोव्हेंबर १९५५

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

बळवंतरावांनी शास्त्रीय विधानाचा विपर्यास केला. मी "पाच मण निघू शकतील" असं म्हणालो होतो. त्यांनी त्यातला "शकतील" वाटेत सांडला. गप्पांच्याही साखळीत गळती असतेच. इथे मात्र ती उलटी असते, हाताहाताला वाढते.

काळुरामबद्दलचे शब्द मी तात्पुरते मागे घेतो.

एप्रिलात शाळेची परीक्षा संपली की मी स्वतः येतो. मोठं जाळं लावून सगळं तळं एकदा ओढून बघू. लग्नाला तेव्हा महिना राहील. काय आहे ते डोळ्यांनी दिसेल आणि तुझा माझ्यावरचा विश्वास परत बसेल. तोवर शेण चालू ठेव.

तुझा दादा


नौपाडा, ठाणे, ता. २३ एप्रिल १९५६

मालन,

काल तळ्यावर मी काही बोललो नाही, कारण काठावर अर्धी डोंबिवली उभी होती आणि माझा चष्मा चिखलात होता. आता बोलतो.

काळुराम आणि त्याचे भाऊ जाळं ओढत आले. पहिल्यांदा आलं ते शेवाळ. मी म्हटलं, उत्तम. मग आलं कासव. मग सखुबाईचा हरवलेला तांब्या, जो तिने तिथल्या तिथे सगळ्यांना ओळखून दाखवला. रोहू नाही, कटला नाही, करंगळीएवढंही काही नाही. आणि मग जाळं उडालं. काळुराम पाण्यात बसला, मी त्याला धरायला गेलो तो मीही बसलो, आणि माझ्या नाकासमोरून हातभर लांब, चांदीच्या ताटासारखं काहीतरी उसळलं. एक नाही, तीन. काळुराम पाण्यात बसल्या बसल्या ओरडला, "बाय, तुजं जावय आयलं गो!" मी तुला विचारलं, "हे काय आहे?" आणि तू पदर तोंडाला लावून म्हणालीस, "नारळ."

जिताडे! खाडीतला सर्वांत खादाड मासा, त्याची ओंजळभर पिल्लं तू सोडलीस, आणि महिन्याने सरकारने आणून दिलेलं जिऱ्याएवढं बीज त्यांच्यापुढे पानात वाढल्यासारखं वाढलंस. त्यांनी रोहू खाल्ले, कटले खाल्ले, तुझी बारीक मासळी खाल्ली, बेडूक खाल्ले, सखुबाईचं बदक खाल्लं, आणि दुसरं काही उरलं नाही तेव्हा एकमेकांना खाल्लं. ओंजळीचे तीन झाले. आणि मी दोन वर्षं ठाण्याहून पत्रं लिहून त्यांचे सगळे भाऊबंद हाकलत होतो. बगळे, पाणकावळे, विरोळे. एवढी चाकरी मी मुख्याध्यापकांचीही केली नाही.

मघाशी हिशोब पुन्हा मांडला. पाच मणांवर तू एक पायरी वाढवलीस, म्हणजे दहावा हिस्सा उरायला हवा, अर्धा मण, वीस शेर. तीन जिताडे मिळून बारा शेर भरतील. बाकीचं त्यांच्या भाऊबंदकीत गेलं. मालन, गणित जुळतं. इतकं सुंदर जुळतं की जया माझी भाची नसती तर मला आनंद झाला असता.

पण ती आहे. ऐंशी माणसांना बारा शेर, त्यातही डोकी आणि काटे. रात्रभर विचार करून एकच सुचतं. मुंबईच्या बाजारातून गुपचूप मासळी आणवू आणि तळ्यातली म्हणून वाढू. बळवंतरावांना कुठे कळणार?

दादा


डोंबिवली, ता. १ मे १९५६

ती. दादास सा. नमस्कार.

राग वाचला. कबुली वगैरे काही मिळणार नाही. सांगायचं नसतं म्हणून सांगितलं नाही, आणि मासे हातभर झाले ते बघितलेस ना? रीत खोटी नाही. आणि मी पाणी बदलल्याचंसुद्धा लिहिलं होतं. तू त्याचा नारळ केलास, त्याला मी काय करू? विरोळे मी हाकलले का? ज्यांनी त्या जिताड्यांच्या पिल्लांना लहानपणीच आवरलं असतं ते सगळे तुझ्या हुकुमाने गेले. बारा शेरांत सहा तुझे आहेत.

मुंबईची मासळी मी आणणार नाही. बळवंतराव मासा नुसता उचलून सांगतात तो कुठल्या पाण्यातला आणि कुठल्या वारचा. मुलीचा संसार अशा लबाडीवर सुरू करायचा, आणि मग ती दर जेवणाला जीव मुठीत धरून बसणार. जिताडे परत तळ्यात सोडले आणि काल मी सरळ कल्याणला गेले.

बळवंतराव झोपाळ्यावर होते. मी म्हटलं, "व्याहीबुवा, तळं ओढून बघितलं. तीन निघाले."

"तीन मण?" म्हणाले. "हरकत नाही. मास्तर जरा जास्तच बोलले."

"तीन नग."

झोपाळा थांबला. मी बोलत राहिले. "ऐंशी माणसांना नाही पुरणार. ऐंशी आलात तर वालाचं बिरडं करीन, तांदळाच्या भाकऱ्या करीन, कोणी अर्धपोटी उठणार नाही. वाल जमिनीतून येतात आणि पानात पडतात, मधे कोणी खाणारं नाही, म्हणून ते सगळ्यांना पुरतात. मासळीच हवी असेल तर आठ माणसं या. जिताडा आहे."

"काय आहे?"

"जिताडा."

दादा, त्या माणसाचा चेहरा तू बघायला हवा होतास. उठून माजघराचं दार लोटून आले. हळू आवाजात म्हणाले, "केवढा?" मी कोपरापासून बोटांच्या पुढे दाखवलं. "गोड्या पाण्यातला, दोन वर्षांचा?" मी म्हटलं हो. "पोटाला चरबी?" मी म्हटलं, "धरला की हाताला लागते." मग झोपाळ्याची कडी धरून उभे राहिले. मी म्हटलं, "पण भिवंडीचे चुलते, मुरबाडची शाखा, त्यांना वाईट वाटेल. ऐंशीच या. बिरडं चांगलं करते मी."

"छे छे," म्हणाले, "चुलत्यांना संधिवात आहे, त्यांना प्रवास कशाला? मुरबाडकर उन्हाचे निघतच नाहीत. धाकटा भाऊ फार भराभर जेवतो, त्याच्याबरोबर जेवायला बसणं म्हणजे शर्यत. आत्याबाई सोमवार करतात."

"व्याहीभोजन रविवारी आहे."

"त्या रविवारपासूनच तयारी करतात." मग बोटांवर मोजायला लागले. आठव्या बोटाशी थांबून, जरा घाबरून मला विचारलं, "विहीणबाई, या आठांत मी आहे ना?"

तुझं शास्त्र मी त्यांना सांगायला गेले होते. सांगावं लागलं नाही. जिताडा खायचा तर पंगत लहान हवी, हे त्यांना मासिक न वाचता कळलं. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बाहेर कुठे बोलू नका."

तुझी मालन


नौपाडा, ठाणे, ता. ४ मे १९५६

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वर्गात मोठ्याने वाचून दाखवावं इतकं शास्त्रशुद्ध आहे. वाचणार नाही, कारण त्यात मी आहे.

एकच शंका. त्या आठांत मुलीचा मामा धरला आहे का? सहज विचारतो.

तुझा दादा


डोंबिवली, ता. २२ मे १९५६

ती. दादास सा. नमस्कार.

तू रविवारी पंगत उठल्याबरोबर पेपर तपासायचे म्हणून चारच्या गाडीने गेलास. खरं कारण मला माहीत आहे. तुझ्या पानात बिरडं होतं, त्यावर जिताड्याचा रस्सा घातला होता, आणि तुकडा नव्हता. आठ म्हणजे आठ. तू नववा. मी दहावी, मी तर रस्साही बघितला नाही. मला वास मिळाला. वहिनीला सांग, वालाचं खूप कौतुक झालं, तेही तूच जास्त केलंस.

जया काल सासरी गेली. जाताना रडली नाही, मीच रडले. तिला घेऊन निघताना बळवंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "या मुलीच्या आईने आम्हाला जे जेवू घातलं ते आमच्या सात पिढ्यांत कोणी घातलं नाही." आजूबाजूला उभ्या मुरबाडकरांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण त्यांना काही घातलेलंच नव्हतं. पण जयाची मान केवढी ताठ झाली, ते मी बघितलं. मला तेवढंच हवं होतं.

तू गेल्यावरचं सांगायचं राहिलं. जेवल्यावर बळवंतराव ओटीवर आडवे झाले ते दिवे लागायला उठले. उठल्यावर सरळ तळ्याकडे गेले. मी तांब्याभर पाणी घेऊन मागून गेले. पाणी अगदी शांत होतं. काठावर उभे राहिले, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "विहीणबाई, खरं सांगा. एवढ्याशा तळ्यात हे जिताडे इतके मोठे झाले, ते खाऊन तरी काय?"

मी म्हटलं, "तुमची उरलेली बहात्तर पानं."

तुझी मालन